कालचा पेपर

थंडीच्या दिवसांत पहाटे चारला अंथरुणातून उठणाऱ्या माणसांविषयी मला लहानपणापासून आदर वाटत आला आहे. मात्र वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो आदर मी अंथरुणात राहूनच व्यक्त केला. काकड आरतीला निघालेली आजी, दूधवाला, पेपरवाला, पहिल्या एस.टी.ने नोकरीच्या गावी जाणारा शेजारी, या सर्वांच्या चपलांचे आवाज मी पांघरुणातून ऐकले, 'धन्य आहे' असे मनाशी म्हटले आणि कूस बदलली. पुढे मराठीचा अध्यापक झालो आणि ललित गद्य शिकवू लागलो, तेव्हा माझ्या असे ध्यानात आले की आपल्या लघुनिबंधांतली थंडीची पहाट बहुतेक वेळा पांघरुणातूनच न्याहाळलेली असते. तिथे धुके असते, चहाची वाफ असते, प्राजक्त असतो. फक्त थंडी वाजलेला माणूस नसतो. त्यामुळे शिकवताना माझी कधी अडचण झाली नाही.

अशा माणसाने गेल्या हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर महिन्यास एक याप्रमाणे दोनशे दोनशे किलोमीटरांच्या चार सायकलफेऱ्यांना नाव घातले. त्यांपैकी तीन पूर्ण केल्या आणि एक संपवली, पण ती पूर्ण झाली नाही. या वाक्यात काही चूक आहे असे वाटून तांबडी शाई उचलू नये. खुलासा पुढे येईल.

सायकल घेतली ती डॉक्टरांच्या निमित्ताने. रक्तातली साखर सीमारेषेवर आहे असे ते म्हणाले, तेव्हा सीमेवर गस्त घालणे आले. शिवाय मी राहतो नाशकात. या गावाच्या हवेतच सायकल आहे. २०१५ साली इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी, सुमारे ४८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. तेव्हापासून आमच्या गल्लीत ज्यांना कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर लागत असे, तेही टायरमधल्या हवेच्या दाबावर अधिकारवाणीने बोलू लागले.

सायकल बेचाळीस हजारांना आली. माझ्या वयाचा आणि किमतीचा आकडा एकच आहे, ही गंमत मी घरी सांगून पाहिली. कुणी हसले नाही. आमची सौ. बँकेत आहे. तिने, "हप्ते किती?" एवढेच विचारले. अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "नव्वदला विकलीस ती काय वाईट होती?"

हा वार जुना होता. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमचे गाव निफाड तालुक्यात आणि त्यांची शाळा गावापासून चौदा किलोमीटरांवर. १९६८ साली ते नोकरीला लागले आणि १९९० मध्ये कर्ज काढून मोपेड घेईपर्यंत ही चौदा आणि चौदा अठ्ठावीस किलोमीटरांची ये-जा त्यांनी सायकलवरून केली. काळी, बावीस इंची, मागे कॅरिअर, दांडीवर माझ्यासाठी एक लहानशी सीट. १९९५ साली आम्ही नाशकात बिऱ्हाड हलवले तेव्हा ती पडवीत गंजत उभी होती. मी अकरावीत होतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या दारात असले धूड नको, एवढाच माझा विचार. अण्णा बाहेर गेलेले पाहून मी ती भंगारवाल्याला देऊन टाकली. नव्वद रुपये आले. संध्याकाळी अण्णांनी ते मोजून घेतले, हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूस 'सायकल ९०' असे लिहिले आणि विषय संपला. निदान मला तसे वाटले होते.

आता या दोनशे किलोमीटरांच्या प्रकाराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पाहुण्यांना हे सांगता सांगता आमच्या सौ.चा घसा बसतो. याला ब्रेव्हे म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ प्रमाणपत्र. फ्रेंचांनी शेवटचा टकार गिळला, तो आमच्याकडच्या मंडळींनी प्रामाणिकपणे परत बसवला आणि सगळे 'ब्रेव्हेट' म्हणतात. जगभरच्या या फेऱ्यांची नोंद १९०४ साली स्थापन झालेली पॅरिसमधली एक संस्था ठेवते. दोनशे किलोमीटरांना साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस आणि सहाशेला चाळीस. ही शर्यत नाही. पहिला कोण आला हे कुणी विचारीत नाही; वेळेत आला की नाही एवढेच पाहतात. वाटेत ठरावीक ठिकाणी हातातल्या कार्डावर शिक्का घ्यायचा. मोटार मागून पाणी आणि केळी घेऊन येणार नाही. पंक्चर झाले तर आपले आपण काढायचे. पूर्ण केल्यावर बक्षीस नाही. पदक असते, पण ते स्वतःच्या पैशाने विकत घ्यावे लागते. हे शेवटचे कलम मी घरी बरेच दिवस सांगितले नव्हते.

नोव्हेंबरची फेरी मालेगावच्या रस्त्याने होती. पहाटे पाचला निघालो. कार्तिक चालू होता. रस्त्यालगतच्या खेड्यांतून काकड्याचे टाळ ऐकू येत होते. मी दोन स्वेटर, वर जाकीट आणि गळ्याला मफलर असा गड्डा होऊन निघालो होतो. ओझरपर्यंत आतून घामाने न्हालो, आणि पिंपळगाव बसवंतच्या पुढे तो घाम गार झाला. ओले सुती बनियन पाठीला चिकटले आहे आणि समोरून वारा येतो आहे, अशा स्थितीत चांदवड येईपर्यंत मला रेणुकामातेची फार आठवण झाली. तिथे एका अनुभवी गृहस्थांनी सांगितले, "सर, निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. उबदार निघाला तो बुडाला." पुढे हे मी कायमचे पाळले. बाकी ती फेरी फारशी सांगण्यासारखी नाही. राहूडचा घाट चढलो, उतरलो, मालेगावजवळ शिक्का घेतला, परतताना दोन भेळी खाल्ल्या आणि बारा तास दहा मिनिटांत घरी. दुसऱ्या दिवशी वर्गात जिना चढताना कठड्याला धरले, हे एका विद्यार्थिनीने पाहिले. तोवर मी स्टाफरूममध्ये पुरेशी फुशारकी मारून झाली होती.

डिसेंबरात ती उतरली. त्या महिन्याचा रस्ता त्र्यंबकेश्वरावरून मोखाडा-जव्हारच्या दिशेने जाणारा. चढणीवर थंडीचे काही चालत नाही. माणूस स्वतःच बंब झालेला असतो. खरी थंडी उतारावर. त्र्यंबक सोडून घाट उतरू लागलो आणि पाचएक मिनिटांत बोटांनी माझी नोकरी सोडली. ब्रेकवर हात आहेत हे दिसत होते, पण दाबले की नाही ते कळायला चाकांच्या आवाजाकडे लक्ष द्यावे लागे. छातीत तर कुणी बर्फाची लादी ठेवल्यासारखे झाले. एका वळणावर टपरी दिसली तेव्हा मी ब्रेक दाबण्याऐवजी सायकल सरळ मातीच्या ढिगात घातली.

टपरीवर माझ्यासारखाच एक तरुण सायकलवाला चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसला होता. त्याने विचारले, "सर, पेपर आहे का?" अध्यापकाला हा प्रश्न सवयीचा, पण त्याला वर्तमानपत्र हवे होते. युरोपातले शर्यतवाले डोंगरमाथ्यावर पोचले की उतरण्यापूर्वी सदऱ्याच्या आत, छातीवर वर्तमानपत्र घालतात. कागदाच्या घड्यांत हवा कोंडते आणि वारा आत येत नाही. मला मोठी गंमत वाटली. पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत येण्याची ती प्रसिद्ध १२०० किलोमीटरांची फेरी १८९१ साली प्रथम भरवली, ती एका वर्तमानपत्रानेच. सायकलस्वार त्या उपकाराची परतफेड असा अंक छातीशी धरून करीत असतील! माझ्या पिशवीत त्या दिवशी रविवारची पुरवणी होती. ती तिथे का होती, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तीत माझा लेख होता, आणि वाटेत कुणी विचारलेच तर दाखवावा असा हेतू होता. मी तिचे दोन भाग केले. अर्धी त्या मुलाला दिली, अर्धी स्वतः जाकिटाच्या आत घातली. माझा लेख त्याच्या वाट्याला गेला. मराठी ललित लेखनाचा वाचकांना ऊब देणारे म्हणून गौरव होतो, त्याचा मला तेवढा एकच पुरावा आजवर मिळाला आहे.

सायकलवर बसलो, पुढे वाकलो, आणि छातीतून आवाज आला. चुरचुर.

मी थांबलो. पुन्हा वाकलो. पुन्हा तोच आवाज. तो मी ओळखत होतो, पण कुठला ते कळेना. मग उतारावर, ब्रेक दाबता दाबता, एकदम उमगले. शनिवारी अण्णांची शाळा सकाळची असे. साडेसातला घंटा, म्हणून ते अंधारातच निघत. निघण्यापूर्वी ते माझ्या अंथरुणाशी वाकून पांघरूण नीट करीत, आणि त्या वेळी त्यांच्या छातीतून असाच आवाज येई. मी चार-पाच वर्षांचा असेन. मोठ्या माणसांच्या छातीत असा आवाज असतो, अशीच माझी समजूत होती. पुढे ती कधी गेली तेही आठवत नाही. त्या दिवशी मी जव्हारच्या रस्त्याला होतो आणि माझ्या छातीत अण्णा वाजत होते.

घरी आल्यावर हे अण्णांना विचारावे असे फार मनात आले. विचारले नाही. आमच्या घरात बाप-लेकांनी असले प्रश्न विचारण्याची पद्धत नाही.

जानेवारीची फेरी येवल्याच्या रस्त्याने होती. येवले म्हणजे पैठणीचे गाव, तात्या टोप्यांचे जन्मगाव, आणि १९३५ साली डॉक्टर आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तेही हेच. यातले सौ.ला फक्त पहिले लक्षात राहिले आणि "येवल्याला जाऊन हात हलवत येणारा पुरुष नाशकात तुम्हीच" असा आशीर्वाद देऊन तिने मला निरोप दिला. नाशिकहून येवला ऐंशीएक किलोमीटर. त्याच्या पुढे अंदरसूलच्या आसपास शंभर भरतात, तिथून मागे फिरायचे. म्हणजे जाताना आणि येताना माझ्या स्वतःच्या तालुक्यातून.

निफाडची थंडी वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला ठाऊक असते. महाबळेश्वरात लोक पैसे देऊन थंडी घ्यायला जातात आणि पारा मात्र निफाडचा त्याहून खाली असतो. पाच-सहा अंश हे तिथे पौषात नवल नव्हे. गावाजवळ कुंदेवाडीला गव्हाचे संशोधन केंद्र आहे, तिथला तापमापक ही बातमी देतो. या केंद्राने काढलेल्या गव्हाच्या जातींची नावे त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी आहेत. नाशिकची यात्रा करून ओंब्यांत उतरल्यासारखी. गव्हाला ही थंडी हवीच असते. पण बांधाच्या पलीकडे द्राक्षबाग असते, आणि तिला हीच थंडी मारक. जानेवारीत मणी भरत आलेला असतो. पारा फार उतरला की त्याची वाढ थबकते, तयार होत आलेल्या मण्याला तडे जातात, आणि तडकलेला घड व्यापारी हातात धरीत नाही. एकाच पहाटे एका शेतात समाधान आणि शेजारच्या शेतात जागरण.

त्या रविवारी सायकलवरचा आकडा आठ दाखवीत होता. सखल जागी, ओढ्याच्या पुलावर, तो आणखी खाली जाई; थंड हवा पाण्यासारखी खोलगट जागी साठते हे मला पुस्तकात नव्हे, गुडघ्यांत कळले. निफाड पाच-सहा किलोमीटर उरले असताना मागचे चाक फुसफुसले. बाभळीचा काटा. पंक्चर काढणे हे मला येते. पण त्यासाठी बोटे लागतात. हातमोजे काढले आणि टायर रिमवरून सुटेना. लिव्हर दोनदा हातातून पडला. तिसऱ्यांदा कुठे पडला तेच कळले नाही. मोबाईलच्या उजेडात मी रस्त्याच्या कडेला रांगत होतो. चाळीस मिनिटे गेली. बेचाळीस हजारांची सायकल, मराठीची पदव्युत्तर पदवी आणि वीस वर्षांची नोकरी एवढे सगळे जवळ असून माणूस किती निरुपयोगी होऊ शकतो, याचा मला तिथे साक्षात्कार झाला.

तेवढ्यात डावीकडच्या बागेत जाळ दिसला. एक नव्हे, ओळीने सात-आठ. सायकल ढकलत बांधावरून आत गेलो. चाळिशीचा एक शेतकरी, डोक्याला उपरणे गुंडाळलेले, पाचटाचा भारा ओढीत होता. त्याची बायको ओल्या काड्या टाकून जाळाचा धूर करीत होती. धूर वेलींच्या मांडवाखाली पसरून राहतो आणि गारवा थोडा तुटतो. ठिबकच्या नळ्यांतून विहिरीचे पाणी सोडलेले होते. पहाटे विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. तीन वाजल्यापासून ते जागे होते, आणि ही सलग चौथी रात्र.

"कुठं निघाले भाऊ एवढ्या थंडीचं?"

"येवल्याच्या पुढे. आणि परत."

"काय काम काढलं?"

मी जरा थांबलो. "काम काही नाही," म्हणालो.

त्याने माझ्याकडे, सायकलीकडे, माझ्या हातांकडे पाहिले. माणूस सभ्य होता. पुढे काही विचारले नाही. "बसा. हात शेका आधी," म्हणाला.

बोटांत रक्त परत येताना जी कळ येते ती ज्याने अनुभवली असेल त्यालाच ठाऊक. डोळ्यांत पाणी आले ते धुराने, असे मी म्हणालो. त्यांचा नववीतला मुलगा घोंगडी झुगारून उठला, माझ्या हातातले चाक घेतले, पायाने रिम दाबून टायर नुसत्या हातांनी सोडवला, काटा शोधला, ट्यूब बदलली आणि हवा भरून चाक परत बसवले. त्याच्या बापाने मधेच विचारले, "मग हे करून मिळतं काय?"

"प्रमाणपत्र."

"आणि?"

"पदक. पण ते विकत घ्यावं लागतं."

यावर मात्र त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. मग चहा आला. गूळ घातलेला, काळा. मला आता उठून जाता आले असते. चाक तयार होते, हात चालत होते, घड्याळ काय सांगते तेही कळत होते. पण ती दोघे पुन्हा पाचट ओढू लागली होती, आणि त्यांच्याच जाळावर शेकून, त्यांचा चहा पिऊन, 'बराय, येतो, मला पदक विकत घ्यायचे आहे' असे म्हणून निघणे मला जमेना. मी हातमोजे चढवले आणि सूर्य वर येईपर्यंत पाचट वाहिले. फार नाही, पाऊण तास. माझ्या मदतीने किती मणी वाचले असतील ते द्राक्षेच जाणोत. पाचटाने माझे जाकीट मात्र दोन ठिकाणी फाटले. निघताना तो म्हणाला, "अजून वीस दिवस निघाले पाहिजेत." मला वाटले, माझ्या फेरीचे तास मोजून दिलेले आहेत, याच्या फेरीला शेवटचा शिक्का कुठे आहे?

त्यानंतरचा दिवस मी वेळेच्या मागे धावण्यात घालवला. विंचूरच्या चौफुलीला लासलगावच्या बाजारासाठी लाल कांदा भरून ठेवलेले ट्रॅक्टर उभे होते. त्यांच्यातून वाट काढली. पुढे समोरून एक दिंडी आली. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, त्यासाठी खेड्याखेड्यांतून माणसे ऐन थंडीत पायी निघतात. पताका, टाळ, पायांत साध्या चपला, आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. त्यांच्यातली एक म्हातारी, माझ्या हेल्मेटकडे पाहत, चालता चालता म्हणाली, "बाबा, निवृत्तिनाथ इकडं हाय. तू उलटा कुठं निघाला?" मी तिला 'प्रमाणपत्र' असे उत्तर देऊ शकलो नाही.

परतताना आणखी एकदा पंक्चर. यावेळी बोटे शाबूत होती, तरी वीस मिनिटे गेलीच. नाशकात शेवटच्या ठिकाणी पोचलो तेव्हा चौदा तास पाच मिनिटे झाली होती. पस्तीस मिनिटे उशीर. कार्ड घेणाऱ्या गृहस्थांनी माझ्या फाटक्या जाकिटाकडे पाहिले, पाणी दिले, खांद्यावर हात ठेवला आणि वहीत माझ्या नावापुढे काही लिहिले नाही. दोनशे किलोमीटर संपले होते. फेरी पूर्ण झालेली नव्हती.

घरी अण्णा जागे होते. ते साडेसातला जेवून आठला झोपतात, वय एकोणऐंशी. पण त्या दिवशी खुर्चीत बसून होते.

"किती उशीर?" त्यांनी विचारले. तोंड पाहूनच त्यांना कळले असावे.

"पस्तीस मिनिटं."

"म्हणजे लाल शेरा." मग थोड्या वेळाने, "कशानं?"

मी सगळे सांगितले. बोटांचे, लिव्हरचे, बागेचे. पाचट वाहिल्याचे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण मान किंचित हलली. मग म्हणाले, "हात आळीपाळीनं काखेत घालायचे. एका हातानं चालवता येते ना? डावा शंभर पायडल, मग उजवा. मोज्यांचा काही उपयोग नसतो."

कुणीतरी गणिताचे सोपे उदाहरण सोडवून दाखवावे तसे ते बोलत होते. त्या सुराने मला धीर आला आणि डिसेंबरापासून अडकलेला प्रश्न मी विचारून टाकला. "अण्णा, तुम्ही शनिवारी निघताना कोटाच्या आत पेपर घालत होतात का?"

"मग काय घालणार? शाळेत पेपर यायचा, दोन दिवसांचा शिळा. रद्दीतला एक मी ठेवून घ्यायचो."

"स्वेटर नव्हता?"

"होता की. मास्तरकीच्या पहिल्या वर्षी घेतलेला, निळा. तुझ्या जन्माच्या वर्षी तुझ्या आईनं उसवला आणि त्या लोकरीत तुझे दोन केले. एक थोरला केला होता, पुढच्या वर्षी होईल म्हणून." ते उठले. "जेवून घे. ताट झाकून ठेवलंय." आणि झोपायला गेले.

ते निळे स्वेटर फोटोत आहे. मी दांडीवरच्या लहान सीटवर बसलो आहे, आणि मागे अण्णांचे हात हँडलवर आहेत. चेहरा चौकटीबाहेर राहिला आहे. सायकल मात्र पुरी आली आहे, मडगार्डसकट. मी त्या रात्री जेवण झाल्यावर तो फोटो काढून पाहिला आणि नव्वद रुपयांचा आकडा डोक्यातून जाईना. अण्णा ती कधी परत मागणार नव्हते. मागितली तरी ती कुठल्या भट्टीत वितळली कोण सांगणार?

फेब्रुवारीत चौथी फेरी. खरे तर जानेवारी हुकल्यावर ती करण्याचे काही कारण नव्हते. चार सलग करायच्या हा माझा माझ्याशीच झालेला करार मोडला होता. सौ.ने तसे बोलूनही दाखवले. मी नाव घातले ते कुणाला न सांगता.

त्या पहाटे चारला उठलो. अंधारात कपडे केले. कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता बाहेरच्या खोलीत आलो, तो अण्णा खुर्चीत बसलेले. कानटोपी, शाल. दारापाशी सायकल उभी होती, आणि तिच्या दोन्ही चाकांत त्यांनी पंपाने हवा भरून ठेवली होती. पंप अजून त्यांच्या पायाशी होता. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने तो अंधारात किती वेळ मारला असेल, मी विचारले नाही.

टेबलावर रद्दीचा गठ्ठा असतो. मी सवयीने वरची रविवारची पुरवणी उचलली आणि तिची घडी घालू लागलो.

"ती ठेव," अण्णा म्हणाले. "पुरवणीत ऊब नसते. पातळ असते फार." त्यांनी हात लांब करून माझ्या हातातली पुरवणी काढून घेतली, मांडीवरचा अंक उभा दुमडला, मग आडवा, कडेवरून नख फिरवले आणि माझ्या जाकिटाची चेन खाली ओढून तो स्वतःच आत सरकवला. वरपासून खालपर्यंत, बरगड्यांवर नीट बसेल असा. चेन वर केली. एकदा हाताने दाबून पाहिले.

चुरचुर झाली.

"कालचाच आहे," ते म्हणाले. "आजचा यायला अवकाश आहे. नीघ तू, साडेचार झाले."